अर्धवट लोटलेलं दार

ड्रायव्हरच्या सीटवर कुणीही नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला हा प्रश्न इतक्या लोकांनी इतक्यांदा विचारला की माझी मलाच शंका यायला लागली. नव्हतं म्हणजे नव्हतं! सीटवर मावशीची पाण्याची बाटली आडवी पडली होती, बस्स.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. ती बालवाडीच्या मुलांची व्हॅन चालवते. माझी शाळा आधी सुटते, म्हणून मी चालत बालवाडीच्या फाटकापाशी जाते आणि तिच्याबरोबर घरी येते. फुकटात नाही हं. दप्तरं उचलणं, बुटांच्या नाड्या बांधणं आणि कोण कुणाला आधी चावलं याचा निवाडा करणं, ही सगळी खाती माझ्याकडे आहेत.

त्या दुपारी व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती, इंजिन चालू. मावशी आणि मी फाटकात. तिच्या दोन्ही खांद्यांवर दप्तरं आणि दोन्ही हातांत एकेक पोर. व्हॅनच्या मागच्या डाव्या खिडकीची काच पूर्ण खाली होती आणि त्यातून टिवटिव बाहेर लोंबकळत होती. टिवटिव ही आमच्यातली सगळ्यात छोटी मुलगी. हे नाव मावशीने ठेवलंय. ती झोपेतही बोलते, असं तिच्या आईचंच म्हणणं आहे.

"बाई टाटा, झाड टाटा, कुत्र्या टाटा, दुसऱ्या कुत्र्या टा..."

आणि ती थांबली. टिवटिव मध्येच थांबली, म्हणून तर मी वळून बघितलं.

काच वर येत होती.

नेहमी येते तशीच, घुंईं करत, अगदी निवांत, कुणीतरी बटणावर बोट ठेवून बसल्यासारखी. टिवटिवचा दंड चौकटीला दाबला गेला, मग हनुवटी वर उचलली गेली, आणि तिच्या तोंडून आवाजच फुटेना. त्यामुळे किंकाळी मारली ती मी. माझे पाय रस्त्याला खिळले होते, पण घसा मात्र जोरात चालू होता.

मावशीने दप्तरं टाकली, पोरं सोडली, व्हॅनला वळसा घालून ड्रायव्हरचं दार खाडकन सताड उघडलं, आत हात घातला आणि बटण दाबलं. काच खाली गेली. मी टिवटिवला खिडकीतूनच ओढून घेतलं. दंडावर लालभडक वळ, हनुवटीखाली तसाच. मग तिने जे काही भोकाड पसरलं, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीही रडायला लागले.

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा. फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलांच्या आयांनी माना वळवल्या त्या माझी किंकाळी ऐकून. तोवर मावशी दारापाशी पोचली होती. म्हणजे त्यांना काय दिसलं? खिडकीत अडकलेलं पोर, आणि बटणावर मावशीचं बोट.

"मी बघितलं ना! माझ्या डोळ्यांनी! हिचाच हात होता बटणावर!" त्यातली एक आई म्हणाली.

"अहो, तो काच खाली घ्यायला होता!" मी ओरडले.

"तू तिची भाची. तू असंच म्हणणार."

मी आ वासून बघतच राहिले. मला वाटायचं, खरं बोललं की लोक ऐकतात. निदान अर्धं तरी ऐकून घेतात!

फोन गेल्यावर धावत आलेली टिवटिवची आई लेकीला डॉक्टरकडे नेऊन तासाभरात परत बालवाडीत आली. हाड शाबूत होतं, श्वास ठीक होता, पण तिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता. "मागच्या दारांची बटणं तुम्ही बंद ठेवता, असं तुम्हीच सांगितलं होतंत मला," ती मावशीला म्हणाली. "मुलांनी खेळू नये म्हणून. मग काच फक्त तुमच्याच बटणाने वर जाते. हो की नाही?"

"हो," मावशी म्हणाली.

"मग कुणी दाबलं? भुताने?"

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी निर्णय दिला, व्हॅन उद्यापासून बंद, आणि शनिवारी सगळ्या पालकांची सभा. त्या सभेत ठरणार होतं, मावशीने या मुलांना पुन्हा कधी न्यायचं की नाही.

मावशीला दुसरं काही येत नाही असं नाही. पण ही व्हॅन म्हणजे तिचं सगळं आहे. प्रत्येक सीटचं फाटलेलं तिने स्वतः शिवलंय. कोणत्या पोराला वळणावर मळमळतं ते तिला पाठ आहे. त्या संध्याकाळी ती व्हॅन घेऊन थेट आमच्या वर्कशॉपवर आली आणि आईच्या हातात किल्ली देऊन म्हणाली, "ताई, तूच सांग काय झालं ते. तू सांगशील ते मी ऐकेन."

माझी आई गाड्यांचं वायरिंग करते. पत्र्याची शेड, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले वायरींचे जुडगे, टेबलावर मीटर आणि सगळीकडे रबराचा जळका वास. आई बोलायला लागली की गिऱ्हाईक हात बांधून उभं राहतं. तिची दोन वाक्यं मला जन्मापासून पाठ आहेत. एक, "माणसं खोटं बोलतात, वायर बोलत नाही." आणि दुसरं, "दारातलं रबर कापणाऱ्याचे हात कलम केले पाहिजेत."

हे रबर म्हणजे काय, तर कुठल्याही गाडीचं दार उघडा आणि बिजागरीकडच्या फटीत बघा. तिथे घड्याघड्यांची एक रबरी नळी दिसेल. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातून गाडीच्या अंगात जातात. दार दिवसभर उघड-मीट होतं, वायरी वाकतात, सरळ होतात, पण नळी त्यांना पत्र्याच्या धारेवर घासू देत नाही. आळशी मेकॅनिकला दारात नवी वायर न्यायची असली, की तो दाराचं आतलं झाकण खोलत बसत नाही. ब्लेडने नळीला चीर देतो आणि वायर खुपसतो. आईने असे दोघे कामावरून काढलेत!

तर आईने व्हॅन तपासली. तिची तपासायची पद्धत ठरलेली. ड्रायव्हरचं दार सताड उघडायचं, सीटच्या कडेला टेकायचं, एक पाय बाहेर, मांडीवर मीटर. बाहेरचा उजेड बटणांवर नीट पडतो म्हणून. मी टॉर्च धरून उभी होते.

"ए फ्यूज, हात हलवू नकोस," ती म्हणाली. फ्यूज म्हणजे मी. पटकन उडते म्हणून.

तिने एकेक बटण दाबलं. वर, खाली, वर, खाली. चारही काचा शहाण्यासारख्या वागल्या. तिने मीटर लावला, फ्यूज काढून उजेडात धरला, परत बसवला. मग हात पुसत उठली.

"वायरिंग ठीक आहे."

"म्हणजे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे ठीक आहे. शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता. फ्यूज नवाकोरा आहे. बटण चिकटत नाही." आईने हात पुसायचा बोळा खांद्यावर टाकला. "अगं, होतं कधीकधी. उतरताना कोपर लागलं असेल."

"उतरताना? ताई, मी फाटकात होते!"

"मग आठवत नसेल. घाई असते तुला. सरळ माफी माग सभेत. चुकून लागलं म्हण. लोक चूक पोटात घालतात, हट्ट नाही घालत."

"जे केलंच नाही त्याची माफी मागू?"

"वायर खोटं बोलत नाही, बाई."

"आणि मी बोलते?"

आई मीटरच्या वायरी गुंडाळायला लागली. मी या दोघींना भांडताना शेकडो वेळा ऐकलंय, साबणावरून, चपलांवरून, लहानपणी कुणी कुणाची बाहुली मोडली त्यावरून. पण असं कधी झालं नव्हतं. मावशी व्हॅन तिथेच ठेवून पायी निघून गेली. मला इतका धक्का बसला की टॉर्च बंद करायची राहूनच गेली.

शुक्रवारी मी शाळेतून तडक वर्कशॉपवर आले, तर मावशी व्हॅनमध्ये होती. खिडकीवर मुलांनी चिकटवलेली चित्रं ती नखाने खरवडून काढत होती.

"हे काय करतेस?"

"विकायची तर साफ नको करायला?"

"कोण विकतंय?"

"मीच. उद्या सगळ्यांसमोर हाकलून घेण्यापेक्षा आधीच गेलेलं बरं."

मी दप्तर फेकलं. खरं तर मला वायरिंगमधलं अजून पुष्कळ काही येत नाही, पण या वर्षी मी आईबरोबर बसून पॉवर विंडो समजून घेतली होती आणि ती मला इतकी आवडली होती की मी वर्गात जो सापडेल त्याला सांगत सुटायचे. ऐका ना, सोपं आहे. काच वर-खाली करणाऱ्या मोटरला दोनच वायरी असतात. पहिलीतून करंट जाऊन दुसरीतून परत आला तर मोटर एका बाजूला फिरते, काच वर. दुसरीतून जाऊन पहिलीतून आला तर उलटी फिरते, काच खाली. आणि तिथून बॅटरीकडे परत जायला वेगळी वायर लागत नाही, गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. आता या व्हॅनमध्ये मोटरचा मोठा करंट बटणातून जातच नाही. बटण नुसता निरोप्या! ते दाबलं की एक बारीक वायर पत्र्याला टेकते, तो निरोप डॅशबोर्डमागच्या रिलेला पोचतो, रिले 'टक्' करतो आणि मोटरला करंट सोडतो. वर जायचा रिले वेगळा, खाली यायचा वेगळा.

म्हणजे कुणीतरी निरोप दिला होता. बटण सोडून दुसऱ्या कुणीतरी!

"मावशी, सगळं त्या दिवशीसारखं करूया. जसंच्या तसं."

"करून काय होणार?"

"काही नाही झालं तर मी स्वतः चित्रं खरवडून देते. चल ना! मी टिवटिव."

"तू टिवटिव शोभतेस खरी," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा थोडंसं हसली.

मी मागच्या डाव्या खिडकीत बसले, काच पूर्ण खाली. मावशीच्या खांद्यांवर दप्तरांऐवजी टायरच्या जुन्या ट्यूब अडकवल्या. ती उतरली. मी बाहेर वाकून ओरडायला लागले, "झाडा टाटा, ट्यूब टाटा!" काही झालं नाही. काच जागच्या जागी.

"बघ. झालं समाधान?"

"इंजिन चालू होतं ना त्या दिवशी?"

"अरे हो." तिने किल्ली फिरवली आणि परत उतरली. हात ट्यूब सावरण्यात गुंतलेले, म्हणून कमरेनेच दार लोटलं. ते पूर्ण मिटलं नाही. अर्ध्यावर, पहिल्या खाचेला अडकून थांबलं.

"दार असंच ठेवतेस?"

"असंच. पूर्ण उघडं ठेवलं तर स्कूटरवाले आपटतील. आणि पूर्ण लावलं तर एकदा आपोआप लॉक झालं होतं, किल्ली आत, सहा पोरं आत! तेव्हापासून मी दार लावतच नाही, लोटते नुसतं..."

टक्.

डॅशबोर्डच्या मागून. अगदी बारीक. आणि माझ्या काखेखाली काहीतरी हललं. काच! मी ज्या काचेवर रेलले होते तीच मला वर उचलत होती! मी असा झटका देऊन आत पडले की डोकं पलीकडच्या दाराला आपटलं. काच निवांत वर गेली आणि चौकटीत बसली.

मावशीच्या खांद्यावरच्या ट्यूब गळून पडल्या. "मी... मी इथे आहे. मी हात नाही लावला. तू बघितलंस ना? मी हात नाही लावला!"

"आई!" मी बोंब ठोकली. "आई! काच! आपली आपण!"

आई दुसऱ्या गाडीखालून सरपटत बाहेर आली. "कोण मेलं?"

आम्ही पुन्हा करून दाखवलं. काच खाली घेतली आणि या वेळी मी डब्यातलं उरलेलं गाजर खिडकीच्या कडेवर आडवं धरलं. मावशीने दार हळूहळू लोटलं. खाचेपाशी आलं आणि टक्. घुंईं. गाजराचे दोन तुकडे झाले, एक आत, एक बाहेर. त्या बाहेरच्या तुकड्याकडे बघताना मला टिवटिवची हनुवटी आठवली.

आईने स्वतः दार हातात घेतलं. सताड उघडलं, शांत. पूर्ण मिटलं, शांत. अर्ध्यावर आणलं, टक्.

"सताड उघड्या दारात सगळं ठीकच दिसणार," ती पुटपुटली. "मी कायम सताड उघडूनच बघते." आणि मग माझ्याकडे वळून, "फ्यूज, टॉर्च."

बिजागरीच्या फटीत रबरी नळी होती. वरून छान दिसत होती. मी बोट घालून ती उलटी वळवली, आणि आतल्या बाजूला चीर सापडली. ब्लेडने मारलेली, सरळ. त्या चिरेतून एक जाडी लाल-काळी वायर आत खुपसलेली. त्या पाहुण्या वायरीने बाकीच्यांना रेटून, नळी जिथून दारात शिरते त्या भोकाच्या पत्र्यावर ढकललं होतं. दार अर्ध्यावर आलं की नळी दुमडायची आणि एक बारीकशी हिरवी वायर पत्र्याच्या धारेला टेकायची, कधी लगेच, कधी इंजिनाच्या थरथरीने जरा वेळाने. तिच्यावरचं प्लास्टिक घासून गेलं होतं. आतलं तांबं लख्ख चमकत होतं.

"हाच निरोप्या!" मी नाचायलाच लागले. "आई, हीच ती डाव्या काचेला वर पाठवणारी वायर! ती पत्र्याला लागते, रिलेला वाटतं बटण दाबलं! त्याला काय कळणार बोट कुठलं आणि पत्रा कुठला! आणि निरोपाचा करंट इतकासा, फ्यूज कशाला उडेल? मावशी, तू सुटलीस! आता फक्त शोधायचं, हे रबर कुठल्या गाढवाने..."

आणि मी थांबले. कारण लाल-काळी वायर स्पीकरची असते. आणि मावशीच्या दारात स्पीकर आहे. मुलांना गाणी लागतात म्हणून तिने बसवून घेतला होता, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर.

मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. आई त्या चिरेकडे अशी बघत होती, जसं कुणी स्वतःचाच फोटो पोलिसांच्या पाटीवर बघावा.

"दुसऱ्या कुणीतरी..." तिने सुरुवात केली.

"दुसरं कोण ताई?" मावशी हळूच म्हणाली. "मी हवासुद्धा तुझ्याकडेच भरते."

"त्या दिवशी दोन गाड्या द्यायच्या होत्या. तुझी मध्येच आली. म्हटलं घरचंच काम आहे, झाकण कुठे खोलत बसायचं... नंतर नीट करू म्हटलं."

माझी आई! मला कुणी सांगितलं असतं की आपली शेड रात्रीतून उडून गेली, तरी मी एवढी हादरले नसते. मला चुकीपेक्षा ते 'घरचंच काम' जास्त लागलं. कारण ते खरं होतं. आमच्या घरातला पंखा वर्षभर एकाच वेगाने फिरतोय. माझ्या सायकलचा दिवा लागत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तो वायरिंगवालीच्या घरात राहायलाच आलाय, आणि आम्ही त्याला आजवर हसत आलो होतो.

तेवढ्यात आईने खिशातून काळी टेप काढली. दातांनी तुकडा तोडला आणि हिरव्या वायरीकडे हात नेला.

"टेप खाली ठेव," मावशी म्हणाली.

"अगं, उघडी वायर आहे..."

"फ्यूज काढून ठेव. काचा हलणार नाहीत. पण टेप लावायची नाही. उद्या मी काय दाखवू लोकांना? दुरुस्त केलेली गाडी? म्हणतील, बघा, काहीच बिघाड नाही."

आई तशीच उभी, बोटावर टेपचा तुकडा. "सभेतल्या निम्म्या लोकांच्या गाड्या माझ्याकडे येतात. त्यांना हे दाखवलं तर?"

"आणि सगळ्यांची मुलं माझ्याकडे येतात," मावशी म्हणाली. "येत होती."

मला राहवलं नाही. "आई, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. सगळ्यांसमोर. मी घाबरत नाही."

"तू गप्प बस." आईने फ्यूज उपसला, खिशात टाकला आणि कुणाकडेही न बघता आत निघून गेली.

शनिवारी सकाळी मावशी आणि मी वर्कशॉपवर पोचलो, तर व्हॅन नव्हती.

नव्हती! जागेवर तेलाचा डाग आणि कापलेल्या वायरींचे तुकडे. शेडला कुलूप. आईचा फोन बंद.

"गेली," मावशी म्हणाली. "सगळं काढून, रबर बदलून, साफसूफ करून ठेवली असणार. माझी बहीण... फ्यूज, माझी सख्खी बहीण गं."

आईच्या बाजूने बोलावं असं एक वाक्य मी शोधत होते आणि मला ते मिळत नव्हतं. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. आम्ही दोघी धावतच निघालो. सभा चुकवून तर चालणार नव्हती.

बालवाडीच्या फाटकातून आत शिरलो आणि माझी पावलं आपोआप थांबली. घसरगुंडीच्या शेजारी, मैदानाच्या मधोमध, मावशीची व्हॅन उभी होती. भोवती सगळे पालक. आणि ड्रायव्हरच्या दारापाशी आई, वर्कशॉपच्या काळ्या कपड्यांत, हातात मावशीची पाण्याची बाटली.

"टेप लावलीये?" मी गर्दीतून घुसून आधी नळीकडेच बघितलं. चीर तशीच. तांबं तसंच.

"मी तुम्हाला काहीतरी दाखवणार आहे," आई म्हणत होती. "कुणीही काचेजवळ येऊ नका." तिने फ्यूज बसवला, किल्ली फिरवली, काच खाली घेतली, बाटली मागच्या खिडकीच्या कडेवर उभी केली आणि बाहेर आली. मग सगळ्यांना दिसतील असे दोन्ही हात वर करून तिने कमरेने दार लोटलं.

टक्.

रिकामी सीट. वर केलेले हात. आणि काच वर चालली. बाटली कडकड आवाज करत चेपत गेली, पाणी उडालं आणि झाकण सुटून टण्णकन घसरगुंडीवर आदळलं. एक बाई किंचाळली. मोठ्या बाईंनी तोंडावर हात धरला. टिवटिवची आई मात्र हलली नाही. ती त्या चेपलेल्या बाटलीकडे बघत होती.

"तिने बटण दाबलं नव्हतं," आई म्हणाली. "ती तिथे नव्हतीच. तिचं म्हणणं खरं होतं, आणि तिची भाची, माझी मुलगीसुद्धा खरं बोलत होती. वायर उघडी पडली होती. कारण हे रबर कापलेलं आहे."

"कापलं कुणी?" टिवटिवच्या आईने विचारलं.

"मी."

चेपलेल्या बाटलीतून पाणी अजून ठिबकत होतं.

"आणि तपासलंही मीच. आणि ठीक आहे असं सांगितलंही मीच. हिला माफी मागायला लावत होते मी."

मागून एका मुलाचे बाबा पुढे आले. "थांबा हो. मागच्या महिन्यात माझ्या गाडीतपण तुम्हीच स्पीकर बसवलात. तिथेही असंच...?"

"नाही. तुमचं दार मी पूर्ण खोललं होतं." आईने मान खाली घातली. "तुम्ही गिऱ्हाईक होतात. ही बहीण आहे."

मावशीने श्वास आत ओढला. मला वाटलं ती आता आईला मारणार किंवा मिठी मारणार. तिने दोन्ही केलं नाही. ती पुढे झाली, किल्ली काढली आणि सभेला म्हणाली, "गाडी पुन्हा नीट करून आणते. मग तुम्ही ठरवा."

"ठरवायचं मी," टिवटिवची आई म्हणाली. "गाडीत मी बसणार. त्याच खिडकीत."

शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार मावशी वर्कशॉपमध्ये स्टूल टाकून बसली होती. आईने दाराचं झाकण पूर्ण खोललं, स्पीकरची वायर उपटून काढली, हिरवी वायर नवी घातली, नळी नवी बसवली. दोघी अवाक्षर बोलल्या नाहीत. फक्त एकदा आईने सवयीने दार सताड उघडून बटण दाबलं, तेव्हा मावशी म्हणाली, "अर्धं."

"अर्धं," आई म्हणाली, आणि दार लोटलं.

सोमवारी बालवाडीच्या फाटकात सगळे जमले. टिवटिवची आई मागच्या डाव्या सीटवर बसली, मावशीला काच खाली घ्यायला लावली आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढला. बोटांत अंगठी, मनगटावर घड्याळ.

"लोटा दार," ती म्हणाली.

मावशीने इंजिन चालू केलं आणि उतरली. माझी आई, जी उघड्या बॅटरीला हात लावताना डोळाही लववत नाही, तिने डोळे गच्च मिटून घेतले. मावशीने दार कमरेने लोटलं. ते खाचेवर येऊन थांबलं.

मी कान टवकारले. इंजिनाचा आवाज. एक कुत्रा भुंकला. बाकी काही नाही. मावशीने दार पुढे-मागे केलं, परत अर्ध्यावर आणलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. काच आपल्या जागी गपगुमान.

टिवटिव खाली उभी राहून आईच्या बाहेर आलेल्या बोटांना धरून होती. हनुवटीखाली पिवळा पडत चाललेला वळ. तिने वर बघून विचारलं, "झालं? मग माझ्या जागेवरून ऊठ ना."

तिची आई उठली. उतरताना तिने माझ्या आईकडे बघितलं नाही, अजूनही बघत नाही. तिची गाडीही आता दुसरीकडे जाते, आणि आणखी चौघांच्याही. पण तिने टिवटिवला उचलून खिडकीजवळच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि मावशीला म्हणाली, "निघा. उशीर होतोय."